चाक सुटलं म्हणजे ब्रेक झाला असं नाही



पाऊस उतरणीला लागला की तीन-चार महिने उभी असलेली गाडी माल न्यायला काढायची वेळ येते. नेमकं त्याच दिवशी कळतं की मागचं चाक फिरत नाही. गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन दबतं, गाडी मागून बसल्यागत होते, पण पुढं सरकत नाही. यंदा आमच्या वाडीत तीन गाड्यांचं असं झालं. म्हणून आजची नोंद पिकावर नाही, मागच्या ब्रेकवर आहे. माल पिकवायचा तसा तो सुखरूप बाजारात पोचवायचा, हेही शेतीतच येतं.

आधी चाक धरतं का ते बघू. आपल्या पिकअप, छोट्या टेम्पोला मागं बहुतेक ड्रम ब्रेक असतो. ड्रम बिडाचा असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल शू आणि शूवर लायनर. पाय दाबला की व्हील सिलिंडर शूला बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला घासतं. हँडब्रेक ओढला की तेच शू वायरनं बाहेर जातात. म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी उभी केली की लायनर ड्रमला दाबून बसलेलं असतं. वरून पाऊस, खालून ओल. बीड गंजतं आणि लायनर त्या गंजात चिकटतं.

शेतकऱ्याच्या गाडीला हे जास्त होतं. आपण खतं वाहतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. फाटक्या गोणीतलं खत सांडतं, पाण्याबरोबर चाकात उतरतं आणि लोखंड खातं. त्यात गाडी उभी कुठं करायची, तर गोठ्याशेजारी. शेण-मुताची ओल आणि वाफ बारा महिने.

गावातल्या एका पोराची पिकअप ज्येष्ठात अशीच गोठ्याला लागून उभी राहिली, हँडब्रेक ओढून. गौरी-गणपती झाले, सीताफळाचा तोडा जोरात आला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला मार्केट यार्डात माल न्यायचा होता, म्हणजे भरल्या गाडीनं दिवे घाट उतरायचा. संध्याकाळी गाडी काढायला गेला तर मागची दोन्ही चाकं जाम. त्यानं ट्रॅक्टर आणला, साखळी लावली. मला म्हणाला, "नाना, एक हिसका दिला की सुटतंय बघा."

मी म्हटलं, "सुटंल रं, पण आतलं काय सुटंल ते कोण बघणार?"

साखळी काढली आणि चाकं खोलली. उजव्या बाजूला नुसता गंज होता. डाव्या बाजूचं लायनर मात्र शूवरून उचकटलं होतं. लायनर आणि शूच्या पत्र्याच्या मधे गंज फुगला की तो लायनरला आतून उचलतो. एका टोकाला जेमतेम धरून होतं ते. ट्रॅक्टरनं ओढली असती तर चाक सुटलं असतं, सगळे खूश झाले असते, आणि लायनरचा तुकडा ड्रममधे मोकळा फिरत राहिला असता. घाटात तो कुठंतरी अडकून चाक एकदम धरणार, नाहीतर पाय दाबल्यावर त्या चाकाला ब्रेकच लागणार नाही. त्या दिवशीचा माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला, भाडं गेलं. तेवढ्यावर भागलं.

आता काम कसं करायचं ते.

गाडी सपाट जागेवर पाहिजे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. हँडब्रेक खाली, गिअर न्यूट्रल. आधी पहिल्या गिअरमधे आणि रिव्हर्समधे अलगद, आलटून-पालटून थोडं हलवून बघा. नुसता वरवरचा गंज असेल तर 'टक' असा आवाज येऊन चाक सुटतं. दोन-चार वेळा करून सुटलं नाही तर थांबा. क्लच जाळू नका.

मग चाकाचे नट जमिनीवरच ढिले करा आणि गाडी जॅकवर घ्या. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चेसिसखाली स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळे पाहिजेतच. चाक काढलं की मागच्या प्लेटपाशी हँडब्रेकची वायर बघा. हँडब्रेक खाली असूनही वायर ताणलेलीच असेल तर ती आवरणात गंजली आहे. वायर ढिली असेल तर दोष ड्रमच्या आत समजा.

एखाद्या चाकाचा निप्पल जरा सोडल्यावर ऑइल जोरात उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. रबरी पाइप आतून फुगलेला असतो, नाहीतर वरच्या मास्टर सिलिंडरमधे दोष असतो. ते काम मिस्त्रीकडं द्या. निप्पल सोडला म्हणजे पुढं ब्रेकची हवाही काढावी लागणार.

ड्रम काढताना तो धरणारे छोटे स्क्रू असतील तर ते आधी काढा. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात मापाचे बोल्ट घालून दोन्ही आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, ड्रम बाहेर येतो. मधे लाकूड धरून तोंडावर गोल फिरत हातोडीनं ठोका. कडेवर ठोकू नका, बीड तडकतं. तरी अडलाच तर प्लेटच्या मागं रबरी बूच असतं, ते काढून स्क्रू ड्रायव्हरनं ॲडजस्टर मागं फिरवा म्हणजे शू आत येतात. गंज सोडवायचा स्प्रे मधल्या हबच्या कडेलाच मारा, तोही थोडा. डिझेल किंवा जळकं ऑइल ओतू नका. लायनर एकदा तेल प्यायलं की धुऊन कामाचं राहत नाही.

ड्रम निघाला की आतली धूळ तोंडानं फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. तोंडाला रुमाल पुरेसा नाही, म्हणून धूळ उडूच द्यायची नाही. पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं टाकून द्या. आणि ड्रम बाहेर असताना ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात. गाडीत पोरं बसली असतील तर आधी उतरवा.

मग निवांत बघा. लायनर उचकटलंय का, चिरलंय का, तेलकट आहे का? सिलिंडरचं रबर अलगद उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. यातलं काहीही असेल तर सामान बदला. शू बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. सगळं ठीक असेल तर ड्रममधला गंज पॉलिश पेपरनं काढा. शू जिथं प्लेटला टेकतात तिथं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटभर लावा, लायनरला लागू देऊ नका.

जोडल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबा. रिकामी गाडी सावकाश दोन किलोमीटर फिरवून आणा आणि मागच्या दोन्ही चाकांवर पाण्याचे थेंब टाका. एकीकडं पाणी चरचरलं आणि दुसरीकडं नाही, तर ते चाक अजून धरतंय. अशी गाडी भरू नका. धरलेला ब्रेक तापतो, ब्रेक ऑइल उकळतं आणि घाटात पेडल पोकळ लागतं. बेअरिंगचं ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं.

हे सगळं टाळायचं असेल तर खर्च काहीच नाही. गाडी जास्त दिवस उभी करायची तर सपाट जागा, पहिला गिअर, चाकांना दगड आणि हँडब्रेक खाली. गाडी गिअरमधे आहे हे घरच्यांना सांगून ठेवा. आठवड्यातून एकदा चार पावलं मागं-पुढं करा. खत वाहिल्यावर चाकं आतून धुवा, आणि धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर हलका ब्रेक दाबत थोडी चालवा, म्हणजे लायनर सुकतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि सिलिंडर आतून गंजवतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला.

आज धारेला गोठ्याकडं जाल तेव्हा उभ्या गाडीचा हँडब्रेक तेवढा बघून या.