गादी, सुई आणि एक्सोसोम

कंबरेचा एमआरआय हाती आला की घरात 'गादी झिजलीय' सुरू होतं. हल्ली त्याला जोडून सल्लाही मिळतो : मूळपेशींच्या एक्सोसोमचं इंजेक्शन घ्या, गादी भरून येईल.

•

दोन मणक्यांमधल्या गादीत मधोमध मऊ गर, भोवती चिवट तंतूंची कडी. मोठ्या माणसाच्या या गरात रक्तवाहिनी नसते. प्राणवायू आणि साखर वरच्या-खालच्या कूर्चेतून झिरपेल तेवढीच. त्यामुळे झीज भरून येत नाही, आणि बाहेरून सोडलेल्या मूळपेशींचीही तिथं उपासमार होते.

•

एक्सोसोम म्हणजे पेशीनं बाहेर सोडलेली पुटिका, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरची. 1980च्या दशकात माँट्रियलच्या रोझ जॉनस्टोन यांनी मेंढीच्या कोवळ्या रक्तपेशींत त्या अभ्यासल्या. तेव्हा वाटलं, पेशी नको ते बाहेर टाकत असेल. 2007 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी दाखवलं, की या पुटिकांतून आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारा रेणू, दुसऱ्या पेशीत जातो आणि तिथं कामाला लागतो. मग पेशीऐवजी तिचा निरोपच गादीत पाठवला तर? निरोपाला अन्नपाणी लागत नाही. हा विचार मला मनापासून आवडतो.

•

उंदरांवरचे निकाल उमेद वाढवणारे आहेत. 2018च्या एका प्रयोगात मूळपेशींच्या एक्सोसोममधल्या मायक्रोआरएनए-21 या छोट्या आरएनएमुळे गरातल्या पेशी मरण्याचं प्रमाण घटलं. पण प्रयोग होतो कसा, तेही पाहावं. उंदराच्या शेपटीतल्या धडधाकट गादीत सुई खुपसतात, ती बिघडली की औषध सोडतात. माणसाची गादी वर्षानुवर्षं झिजत आलेली असते. उंदराची इवलीशी, अन्न पोचायला अंतर थोडं. शिवाय भ्रूणावस्थेतल्या नोटोकॉर्डच्या पेशी उंदराच्या गरात मोठेपणीही टिकतात. आपल्यात त्या बालपणीच जवळजवळ संपतात. उंदराच्या यशावरून माणसाला शब्द देणं मला पटत नाही.

•

सुई माणसाच्या गादीलाही निरुपद्रवी नाही. निदानासाठी गादीत सुई घालून रंगद्रव्य सोडलेल्यांचा दहा वर्षांनी पुन्हा एमआरआय झाला. स्टॅनफर्डच्या कॅरागी यांच्या गटाचा हा 2009चा अभ्यास. सुई टोचलेल्या लोकांच्या गाद्या इतरांपेक्षा जास्त झिजल्या होत्या.

•

आता एमआरआयमधल्या झिजेबद्दल. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा 2015चा आढावा : विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांत गादीची झीज दिसली. म्हणजे अहवालातल्या झिजेमुळेच दुखतंय, असं धरून चालू नये.

•

डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला. नेब्रास्कात एक्सोसोमच्या नावाखाली दिलेल्या उत्पादनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता, आणि असल्या एकाही उत्पादनाला मंजुरी नव्हती. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017ची मार्गदर्शक तत्त्वं मूळपेशींबद्दल स्पष्ट आहेत : रक्ताचे ठरावीक आजार वगळता चाचणीबाहेर उपचार नको.

•

कुणी हे इंजेक्शन सुचवलं, तर सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक मिळाला नाही किंवा चाचणीसाठी पैसे मागितले, तर घेऊ नका.