लिलावाच्या जाहिरातीआधी ताब्याची नोटीस वाचा

आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक नवा मंत्र फिरतो आहे : बँकेच्या लिलावातलं घर घ्या, स्वस्तात मिळतं. त्याचे क्लासही निघालेत. आमचा याला सरसकट विरोध नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनाच पुन्हा त्यागाचे धडे कोणी देऊ नयेत. पण लिलावातलं घर कोणाचं असतं, हे विचारायला हवं. मुकुंदवाडीत, बजाजनगरात काम करताना आम्ही या नोटिसा पाहतो. वाळूजच्या कंपनीने कंत्राटी कामगाराला ब्रेक दिला की घराचा हप्ता थांबतो. पुढचं काम कायदा करतो.

तो कायदा म्हणजे २००२ चा सरफेसी. खातं थकीत ठरलं की बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते. कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर १५ दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. (आमच्या वस्त्यांत ही हरकत क्वचितच कोणी घेतं, नोटीस इंग्रजीत असते.) मग ताबा. ताब्याची नोटीस सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लिलावाची जाहिरात त्यानंतर येते.

गुंतवणूकदार ही शेवटची जाहिरात वाचतो, किंवा सरकारी बँकांच्या ‘बँकनेट’ पोर्टलवर शोधतो. आता २०१६ ची दुरुस्ती पाहा. सगळी थकबाकी भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला ‘सौदा’ दिसतो, त्याच दिवशी त्या कुटुंबाचा हा हक्क संपलेला असतो.

घेणाऱ्यालाही क्लासवाले अर्धंच सांगतात. ‘जसे आहे तसे’ या अटीत मालमत्ता कराची, सोसायटीची थकबाकी आपल्या गळ्यात पडू शकते. ‘प्रतीकात्मक ताबा’ लिहिलं असेल तर कुटुंब अजून आतच राहतंय. बोली लागली की फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत २५ टक्के आणि बाकीचे साधारण १५ दिवसांत भरावे लागतात. मुदतवाढ मिळाली नाही आणि गृहकर्ज वेळेत मंजूर झालं नाही, तर भरलेली रक्कम जप्त. तेव्हा घ्यायचंच असेल तर बंद शेड, रिकामा गाळा, प्रत्यक्ष ताब्यातला फ्लॅट बघा. माणसं राहतात त्या घरावर बोली लावण्याआधी एकदा त्या दारात जाऊन या.

आणि नागसेनवनातल्या वाचनालयात रोज पेपर चाळणाऱ्या मित्रांनो, लिलावाच्या आधीचं ते ताब्याच्या नोटिसांचं पान काढा. त्यात कर्जदाराचं नाव, पत्ता, रक्कम, तारीख सगळं असतं. कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला ४५ दिवस मिळतात आणि ते न्यायाधिकरण आपल्याच शहरात आहे. प्रत्येक वॉर्डात दोघांनी हे पान वाचायचं ठरवलं तर त्या दारात एजंटाआधी आपण पोहोचू.