चाचणीने आपलं काम केलं



मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात अंतराळयानाचा विषय निघाला. "मॅडम, यान परत येताना जळत का नाही?" एका मुलीने विचारलं. मी सांगितलं, अंतराळ स्थानकावरून निघालेलं यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतं. समोरची हवा एवढी दाबली जाते की ती भयंकर तापते. म्हणून यानाच्या बुडाला हीट शील्ड, म्हणजे उष्णतारोधक कवच असतं. ते स्वतः थोडं थोडं जळतं आणि आतल्या माणसांना वाचवतं.

"पण कवचच खराब निघालं तर?"

मग मी २०२२ ची गोष्ट सांगितली. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाच्या क्रू-५ मोहिमेसाठी कवचाचा नवा सांगाडा बनवला होता. मे महिन्यात तो चाचणीत नापास झाला. बनवतानाच त्यात दोष राहिला होता. नासाचं म्हणणं होतं, चाचणीने आपलं काम केलं, दोष शोधला. मोहिमेसाठी दुसरं कवच घ्यायचं ठरलं, तेही तशाच कडक चाचण्या करून. ऑक्टोबरमध्ये चौघे अंतराळवीर गेले आणि मार्च २०२३ मध्ये सुखरूप परतले.

हे सांगताना मीच अडखळले. मागच्या वर्षी वाचन तपासायला साहेब येणार होते. एका मुलाला वाचता येत नव्हतं. मी त्याच्याकडून एकच उतारा आठवडाभर पाठ करून घेतला. त्याने तो घडाघडा म्हटला, बोट मात्र भलत्याच ओळीवर होतं. साहेबांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. कागदावर वर्ग शंभर टक्के वाचणारा झाला.

तो आता पाचवीत, दुसऱ्या शाळेत आहे. परवा बाजारात त्याची आई भेटली. म्हणाली, "गणितं वाचता येत नाहीत म्हणून शाळेत जायला रडतो." दोष मला दिसला होता, चाचणीला मी तो दिसू दिला नाही.

आता माझ्या वहीत गुणांच्या शेजारी एक रकाना आहे: कुठे अडलं? पालकहो, चाचणीचा पेपर घरी आला की तुम्हीही आधी हेच विचारा. किती मिळाले, ते नंतर.

तो मुलगा शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे येतो. सध्या आम्ही जोडाक्षरांवर आहोत.