बीजाचा मज्जाव

कचेरीत वर्षे काढणाऱ्या माणसास एक विद्या आपोआप साध्य होते: प्रकरण न फेटाळता ते जागच्या जागी थोपवून धरणे. मातीतील एका जंतूसही ही विद्या अवगत आहे, असे वाचले तेव्हा आम्हांस व्यवसायबंधू भेटल्याचा आनंद झाला. आमच्या पेशाच्या वाचकांसही तो व्हावा.

अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात अभ्यासला गेलेला हा ‘डब्ल्यूएच-६’ जंतू मुळांभोवतीच्या मातीतला. तो एक द्रव्य स्रवतो. त्याच्या सान्निध्यात गवताचे बी फुगते, कवच फोडते, मूळ आणि कोंब जेमतेम डोकावतात, आणि तेथेच सारे थांबते. जुन्या, रुजलेल्या गवतास मात्र तितका उपद्रव होत नाही. २०१० च्या सुमारास त्या द्रव्याची रासायनिक ओळखही पटली.

दिल्लीत बसून हे वाचताना डोळ्यांपुढे उभी राहिली ती आमची आई. अकोल्याकडील आमच्या चार एकरांत श्रावणात निंदणास मजूर मिळत नाहीत. साठी उलटलेली ती माउली स्वतः खुरपे घेऊन कपाशीच्या तासात बसते. आम्ही पैसे धाडतो. पाठ धाडता येत नाही.

कपाशी गवताच्या कुळातली नव्हे, हे खरे. पण ज्वारी त्याच कुळातली. पेरलेल्या दाण्यालाच द्वारपालाने अडविले तर? शिवाय प्रयोगशाळेतला पराक्रम रानात टिकतोच असे नाही. ‘डी-७’ नावाच्या दुसऱ्या एका जंतूस ‘चीटग्रास’ या तणाविरुद्ध वापरण्याची अमेरिकेत २०१४ मध्ये रीतसर परवानगी मिळाली होती. पुढे इतरांनी माळरानांवर घेतलेल्या चाचण्यांत तण काही हटले नाही. माती म्हणजे काचेची बशी नव्हे. तिच्यात आधीच असंख्य जंतूंची वस्ती. नव्या पाहुण्याचा तेथे निभाव लागणे कठीण.

तरीही आम्ही फोनवर आईला मोठ्या उत्साहाने सर्व सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “त्यानं मोथा जाते काय रे?”

आम्ही गप्प झालो. मोथा मुख्यतः जमिनीखालच्या गाठींतून पसरतो, हराळी कांड्यांतून. बीज अडविणाऱ्या पहारेकऱ्याशी त्यांना फारसे कर्तव्यच नाही.

श्रावणासाठी आठ दिवसांची अर्जित रजा मागितली आहे. मंजूर झाली, तर दुसरे खुरपे घरात आहेच.