बुजवलेलं सवणं

2019 चा रमजान मे महिन्यात आला. बीड जिल्ह्यात दुष्काळ होता, पाणी टँकरचं. मी कूलरमध्ये घागर ओतायला गेलो, तर अम्मीने हात धरला, "पानी वजू कू रख, कूलर कू नक्को." रात्री तरावीहनंतर आम्ही गच्चीवर झोपायचो. अम्मीचे गुडघे जिना चढू देत नव्हते. ती खाली तापलेल्या स्लॅबखाली.

तो स्लॅब मीच टाकला. आधी आमचं माळवद होतं : पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, छताला सवणं. गरम हवा हलकी होऊन त्यातून निघून जायची. पक्क्या घराच्या हौसेत तेही बुजलं.

पुढे सौर चिमणीबद्दल वाचलं आणि सवणंच आठवलं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून काळा रंग द्यायचा, पुढे वीतभर फट सोडून काच लावायची. फटीतली हवा उन्हाने तापून वर जाते आणि खालच्या झरोक्यातून खोलीतली हवा ओढते. तिच्या जागी उत्तरेच्या खिडकीतून नवी हवा येते. ना वीज, ना पाणी.

भर दुपारी बाहेरची झळच आत येईल, म्हणून तेव्हा खिडकी-झरोका बंद ठेवायचा. भिंतही जाड हवी, नाहीतर उष्णता आत उतरेल. पण तापलेली भिंत सूर्य बुडाल्यावरही हवा ओढत राहते. गच्चीवरचा तो गारवा अम्मीच्या खाटेपर्यंत यावा, एवढंच मला हवंय.

मिस्त्री म्हणतो, "काळी भिंत? लोक हसतील."

हसू देत.