मला दिसणारे पान आणि तिला दिसलेले पान



"वेबसाइटचा वेग हा काय चळवळीचा विषय आहे का, ताई?" असा प्रश्न आमच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला विचारला होता. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देते आहे, कारण मधल्या काळात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत मी नाही, दुसऱ्याच एका बापलेकीने मोजली.

रहिमतपुरात आम्ही काही जण मिळून एक अभ्यासिका चालवतो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुलामुलींसाठी तिची एक छोटी वेबसाइट आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून सुरू झालेली स्वाधार योजना, जात पडताळणीची कागदपत्रे, आमच्या शिबिरांच्या तारखा, एवढेच तिच्यावर असते. ती वर्डप्रेसवर बनवली आहे. वर्डप्रेस २००३ साली आले, ते मोफत आहे, कोणाचीही परवानगी न घेता वापरता येते, त्यात बदलही करता येतो. जागा मात्र आम्ही वर्गणीतून घेतलेली, सगळ्यात स्वस्त, शंभर जणांबरोबर वाटून घेतलेली.

वेबसाइट सुरू झाली, पण उघडेना. माझ्या लॅपटॉपवर ठीक चालायची. वाड्यावस्त्यांवर, जिथे रेंजसाठी गच्चीवर जावे लागते, तिथे पान उघडायला दहा-बारा सेकंद लागायचे. दहा सेकंद म्हणजे काय फार, असे ज्याला वाटते त्याने दिवसाचा डेटा संपत आलेला फोन हातात धरून दहा सेकंद मोजून पाहावेत. मुले कंटाळून बंद करत आणि चावडीवर कोणीतरी सांगितलेल्या ऐकीव माहितीवर विसंबत. म्हणजे आम्ही लिहिलेले असून नसल्यासारखेच.

हे असे का होते, ते आधी समजून घेऊ. एखाद्या कार्यालयात दिवसभरात शंभर माणसे येऊन एकच प्रश्न विचारतात, "कोणते कागद लागतात?" कारकून प्रत्येकासाठी उठतो, कपाट उघडतो, फाइल काढतो, नव्या कागदावर यादी लिहून देतो. वर्डप्रेस असेच काम करते. कोणी पान मागितले की पीएचपी नावाची आज्ञावली जागी होते, डेटाबेसला विचारून मजकूर, मेनू, बाजूची पट्टी गोळा करते, त्याचे पान जुळवते आणि मग पाठवते. पुढच्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून. कॅशिंग प्लगइन काय करतो? एकदा तयार झालेल्या पानाची प्रत ठेवून देतो आणि पुढच्या प्रत्येकाला ती तयार प्रत देतो. शहाण्या कारकुनाने यादी लिहून भिंतीवर चिकटवावी, तसे.

गर्दीच्या दिवशी याची किंमत कळते. १६ जुलै २०२१ आठवा. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. पंधरा लाखांहून अधिक मुले निकालाची वाट पाहत होती आणि संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. आमची वेबसाइट त्या मानाने मुंगीएवढी, पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी मुंगीच्या दारातही रांग लागते.

मी डब्ल्यूपी सुपर कॅशे हा मोफत प्लगइन बसवला. प्लगइनच्या यादीत शोधायचा, बसवायचा, सेटिंगमध्ये जाऊन 'कॅशिंग ऑन' करायचे, मग चाचणीचे बटण दाबून पाहायचे. पाने दाबून लहान करून पाठवण्याचा पर्यायही चालू केला. असे दोन प्लगइन एकाच वेळी चालू ठेवू नयेत, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. पाने भराभर उघडू लागली.

पण सगळे काम प्लगइन करत नाही. तो सर्व्हरची मेहनत वाचवतो, चित्रांचे वजन कमी करत नाही. १४ एप्रिलचे फलक आम्ही फ्लेक्सवाल्याकडून घेऊन जसेच्या तसे चढवले होते, एकेक चार एमबीचा. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पाच हजार चिन्हांचा भरगच्च लेख पंधरा केबीचा होतो. एका फलकाच्या वजनात असे अडीचशेहून अधिक लेख मावतात! शिबिराची माहिती चित्रात लिहिण्याची सवय आम्ही सोडली. ती टाइप करू लागलो. वेगाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

आता चूक सांगते.

ठेवलेली प्रत किती वेळ चालवायची, याची मुदत प्लगइनमध्ये सेकंदांत भरावी लागते. मी ६०४८०० भरले. म्हणजे सात दिवस. जितकी मुदत मोठी तितका सर्व्हर निवांत, एवढाच हिशेब मी केला. पुढे जात पडताळणीच्या कागदपत्रांचे शिबिर आम्ही रविवारऐवजी शनिवारी घ्यायचे ठरवले. बाजूच्या पट्टीत तारखा असत, तिथे मी तारीख बदलली, वेबसाइट उघडून पाहिली, 'शनिवार' दिसले, समाधानाने लॅपटॉप बंद केला.

रविवारी सकाळी फोन आला. एक मुलगी आणि तिचे वडील अभ्यासिकेच्या कुलपासमोर उभे होते. वडील आल्याच्या शेतात रोजावर जाणारे. त्या दिवसाचा रोज बुडवून, आजोबांच्या शाळेचा उतारा पिशवीत जपून घेऊन आलेले, कारण १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून घरात तेवढा एकच कागद होता. मी धावत गेले. शनिवारी ठेवले होते, असे मी सांगू लागले तर वडील म्हणाले, "ताई, आम्ही मोबाइलवर बघूनच आलो की." पोरीने फोन पुढे केला. तिच्या फोनवर 'रविवार' होते. त्याच क्षणी माझ्या फोनवर 'शनिवार'.

एकच वेबसाइट, एकच पत्ता आणि दोन पाने. हे कसे? मी व्यवस्थापक म्हणून आत शिरलेली असते. आत शिरलेल्या माणसाला प्लगइन ठेवलेली प्रत देत नाही, त्याच्यासाठी दरवेळी ताजे पान जुळवतो. तशीच सेटिंग असते आणि ती योग्यही आहे, नाहीतर माझे खाजगी पान दुसऱ्याला दिसेल. लेख बदलला की प्लगइन त्या लेखाची जुनी प्रत पुसतो. मी बदलली होती बाजूची पट्टी, आणि बाकीच्या पानांच्या जुन्या प्रती तशाच राहिल्या. भिंतीवरचा जुना कागद कोणी काढलाच नव्हता.

समाजशास्त्र शिकताना जे वर्गात नीट उमगले नव्हते ते मला त्या दारात उमगले. व्यवस्था चालवणाऱ्याला व्यवस्था ताजी, नीट, वेगवान दिसते. ती तशी दिसावी अशीच तिची रचना असते. म्हणून "माझ्याकडे तर बरोबर दिसते" हे उत्तर होऊच शकत नाही. ते आपण कार्यालयांच्या खिडक्यांवर किती वेळा ऐकले आहे! या वेळी खिडकीच्या आत मी होते.

रहिमतपूर स्टेशनातून गाडी मिरजेकडे निघाली की तारगाव लागते आणि मग मसूर. १९०१ साली लहानगे भीमराव आणि त्यांच्याबरोबरची मुले वडिलांना भेटायला निघाली आणि मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांनी आधी पत्र पाठवले होते, ते पोचलेही होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते. पुढे गाडीवानांनी जात कळल्यावर दिलेला नकार, दुप्पट भाडे, रात्रभर न मिळालेले पाणी, हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. पत्र वेळेवर हातात पडले असते तर जात नाहीशी झाली नसती. पण त्या मुलांना त्या संध्याकाळी अनोळखी माणसांच्या दयेवर उभे राहावे लागले नसते. ज्याच्या पाठीशी काहीच नसते, त्याला अडकलेला निरोप सर्वांत महाग पडतो. ज्याच्याकडे गाडी आहे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येईल. रोज बुडवून आलेला माणूस कसा येणार?

त्या मुलीचे कागद आम्ही त्याच दिवशी कुलूप उघडून पूर्ण केले. रोज मात्र बुडाला तो बुडालाच. वडिलांनी तो विषय काढला नाही, म्हणून तो माझ्या मनातून जात नाही.

प्लगइन मी काढून टाकला नाही. काढला असता तर सगळ्यांनाच पुन्हा दहा सेकंद ताटकळत बसावे लागले असते. मुदत सात दिवसांवरून एका तासावर आणली, म्हणजे ३६०० सेकंद. तारखा पट्टीतून काढून स्वतंत्र पानावर नेल्या. काहीही बदलले की साठवलेल्या सगळ्या प्रती हाताने पुसते. प्रत्येक पानाच्या वर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख, वेळ आणि खाली अभ्यासिकेचा फोन नंबर लिहितो, कारण वाचणाऱ्याच्या फोनमधला ब्राउझरही आपली एक प्रत ठेवतो आणि ती पुसणे आपल्या हातात नसते. आणि शेवटचे पाहणे माझ्या लॅपटॉपवर होत नाही. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांपैकी ज्याचा फोन सर्वांत जुना, त्याच्या हातात पान उघडून पाहतो. त्याला बरोबर दिसले तरच काम झाले असे धरतो.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आता माझे उत्तर असे आहे. होय, हा चळवळीचा विषय आहे. आपल्यापैकी अनेक जण संस्थांच्या वेबसाइट, व्हॉट्सअॅप गट, सूचनाफलक चालवतात. वेग द्या, तो आपल्या लोकांचा हक्क आहे. पण जी प्रत लोकांसमोर ठेवता ती जुनी झाली की काढण्याची जबाबदारीही नाव घेऊन कोणावर तरी टाका. आज रात्री एवढेच करा. आपल्या वेबसाइटमधून बाहेर पडा, घरातल्या किंवा शेजारच्या कोणाचा फोन मागून घ्या आणि त्यावर आपलेच पान उघडून पाहा.

जय भीम.