फॉन्टमध्ये न सापडणारं एफएफ

दिवसा मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, सीझनला दिवाळी अंकांची पानं. रात्री स्वयंपाकघर आवरलं की त्याच संगणकावर दुसऱ्या महायुद्धातली विमानं रंगवते. ‘आयएल-२ स्टुर्मोविक’सारख्या खेळांत विमानाचा आकार आयता मिळतो, त्यावर चढवायचं चित्र म्हणजे स्किन. फोटोशॉपमध्ये ही फाइल उघडली की विमान उलगडून सपाट पसरलेलं दिसतं: पंख एकीकडे, धडाच्या दोन बाजू दुसरीकडे, शेपूट कुठेतरी कोपऱ्यात. रिव्हेट, पत्र्याचे सांधे, तेलाचे ओघळ असे सगळे लेयर वेगवेगळे. रंगकाम त्यामानाने सोपं. खरी परीक्षा अक्षरांची.

माझ्याकडे सध्या ब्रिटिश हवाई दलाची १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन आहे. तिचं नावच ‘सिटी ऑफ बॉम्बे’. युद्धात हिंदुस्थानातून विमानांसाठी पैसा गेला आणि काही स्क्वाड्रनना इथली नावं मिळाली. १५२वी हैदराबादची, १२४वी बडोद्याची, १३२वी मुंबईची. मुंबईच्या स्क्वाड्रनची स्पिटफायर विमानं १९४४च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीवर उडत होती आणि त्यांच्या अंगावर स्क्वाड्रनची खूण म्हणून ‘एफएफ’ ही रोमन अक्षरं होती. धडावरच्या रंगीत वर्तुळाच्या एका बाजूला ती दोन, दुसऱ्या बाजूला त्या एका विमानाचं स्वतःचं अक्षर.

अक्षर म्हटलं की डीटीपीवाल्याचा हात आपोआप फॉन्टच्या यादीकडे जातो. स्पिटफायरच्या नावाने फुकट मिळणारे फॉन्ट पुष्कळ आहेत, पण मी ते वापरत नाही. कारण एकाच विमानावरची अक्षरं दोन ठिकाणी, दोन तऱ्हेच्या हातांनी रंगवलेली असत. शेपटीजवळचा अनुक्रमांक कारखान्यातच पडायचा. तो ठरलेल्या मापाचा: उंची ८ इंच, रुंदी ५ इंच, रेघेची जाडी १ इंच, रंग काळा. मोठी अक्षरं मात्र विमान स्क्वाड्रनकडे आल्यावर तिथली माणसं रंगवायची. कुणाचा एफ रुंद, कुणाचा चिंचोळा. मधली आडवी रेघ कुणी वर घ्यायचा, कुणी खाली. एसटीच्या जुन्या गाड्यांवरच्या पाट्या जशा डेपोगणिक वेगळ्या दिसायच्या, तसंच हे. फॉन्टमधला एफ मात्र दोनदा टाइप केला तरी तोच. शेजारीशेजारी दोन तंतोतंत सारखे एफ दिसले की मला ते विमान छापखान्यातून आल्यासारखं वाटतं. म्हणून पेन टूल घ्यायचं आणि फोटोवरून एकेक अक्षर वेगळं काढायचं.

माप घ्यायला पट्टी विमानावरच असते. त्या काळातल्या स्पिटफायरच्या धडावरचं लाल-पांढरं-निळं वर्तुळ पिवळ्या कडेसकट ३६ इंच व्यासाचं. माझ्या फाइलमध्ये ते ३६० पिक्सेल भरलं, म्हणजे इंचाला दहा पिक्सेल. मग अनुक्रमांक ८० पिक्सेल उंच, रेघ दहाची. लढाऊ विमानावरची मोठी अक्षरं साधारण २४ इंचांची, काही ठिकाणी १८ची. तिथे नियमापेक्षा फोटोवर विश्वास ठेवायचा. जुन्या खेळात स्किन १०२४ पिक्सेलची आणि रंग फक्त २५६. इंचाला जेमतेम अडीच पिक्सेल आल्यावर अनुक्रमांक वाचता आला तरी नशीब. आता ४०९६ पिक्सेलमध्ये पेट्रोलच्या टाकीजवळचं ‘१०० ऑक्टेन’सुद्धा लिहिता येतं.

फोटोवर विश्वास ठेवायचा म्हटलं तरी डोळे मिटून नाही. त्या वेळची काही फिल्म लाल आणि पिवळा रंग गडद दाखवते, निळा फिका. वर्तुळाची पिवळी कड अशा फोटोत काळपट येते आणि बघणाऱ्याला वाटतं कड काळीच होती. एफएफचा रंगही काळ्या-पांढऱ्या फोटोत पांढराच भासतो. प्रत्यक्षात तो हिरवट झाक असलेला फिका राखाडी. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळा मी स्किनमध्ये कुठेच ठेवत नाही. उन्हापावसात उभ्या विमानावर तसे रंग टिकत नाहीत. अक्षरांचा लेयर रिव्हेटच्या आणि सांध्यांच्या खाली घालायचा, नाहीतर ती स्टिकरसारखी वर तरंगतात.

डावी-उजवी हा आणखी एक ताप. काही विमानांच्या फाइलमध्ये दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलेलं असतं. तिथे एका बाजूला एफ उलटा वाचावा लागतो आणि इलाजही नसतो. दोन्ही बाजू स्वतंत्र असल्या तरी एकीची नक्कल दुसरीकडे डकवून भागत नाही. उजव्या अंगाला स्क्वाड्रनची अक्षरं वर्तुळाच्या पुढे की मागे, हे प्रत्येक ठिकाणी निराळं.

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या पट्ट्यांत. नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढायचा हुकूम आला, आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून. एकेक पट्टा स्पिटफायरसाठी १८ इंचांचा, तीन पांढरे, दोन काळे. वेळ इतका कमी की मिळेल त्या ब्रशने रंग फासला. धडावरचे पट्टे शेपटीच्या पुढेच येतात आणि अनुक्रमांकही तिथेच. मग कुणी तो सरळ झाकून टाकला, कुणी त्याच्याभोवती जुन्या रंगाचा चौकोन सोडून पट्टे ओढले. तो वेडावाकडा चौकोन मला फार आवडतो. मी त्याच्या कडा माउसने हलक्या हाताने ओढते, सिलेक्शन टूलला तिथे मज्जाव.

भाचा एकदा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, “मावशी, हा नंबर खेळताना कोण वाचणारे? विमान तर शत्रूच्या मागे लागलेलं असतं.”

“धावपट्टीवर उभं असतं तेव्हा वाचतात,” मी म्हटलं.

“मी तर धावपट्टीवर थांबतच नाही.”

त्याचं बरोबर आहे. पण ज्यांच्यासाठी मी हे करते ते उड्डाणाआधी विमानाभोवती कॅमेरा फिरवून बघतात आणि चुकलेलं अक्षर पाच मिनिटांत कळवतात. त्यांना आता याच स्क्वाड्रनचं १९४५चं रूप हवंय. तेव्हा ती सिलोनमार्गे हाँगकाँगला गेली होती. जपानी विमानांवरच्या तांबड्या गोळ्याशी घोटाळा नको म्हणून पूर्वेकडच्या ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातून लाल काढून टाकला होता, तेव्हा रंगांची मांडणी नव्याने आली. नॉर्मंडीचा एफ तिथे चालणार नाही. आधी फोटो शोधायला हवेत.